रिकाम्या टेबलाचा जमाखर्च

सार्वजनिक रुग्णालयांविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते तीत डॉक्टरांची रिक्त पदे येतात, औषधांचा तुटवडा येतो, खाटांची अपुरी संख्या येते, क्वचित गळकी छपरे आणि उंदीरही येतात. परंतु शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या माणसाचे भवितव्य ज्या एका कागदावर अवलंबून असते, त्या कागदाची चौकशी कोणी केल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. हा कागद म्हणजे शस्त्रक्रियागृहाची उद्याची यादी. इस्पितळातील मंडळी तिला ‘ओटी लिस्ट’ म्हणतात. आदल्या दिवशी दुपारी एखादा निवासी डॉक्टर ती घाईघाईने लिहितो, भूलशास्त्र विभागाकडे आणि शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिकेकडे तिच्या प्रती जातात, आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी तिच्यातील शेवटच्या दोन-तीन नावांसमोर ‘पुढील तारखेस’ असा शेरा पडून ती रद्दीत जमा होते. हा शेरा दारिद्र्यामुळे पडतो, साधने अपुरी आहेत म्हणून पडतो, असे आपण धरून चालतो. त्यात तथ्य आहेच; परंतु पुष्कळ अंशी तो यादी लिहिण्याच्या रीतीमुळे पडतो, आणि ती रीत सुधारावयाची तर प्रथम एक विपरीत भासणारी गोष्ट करावी लागेल, ती ही की भरगच्च शस्त्रक्रियागृहातले एक टेबल जाणूनबुजून रिकामे ठेवावे लागेल, असे मला वाटते.

आपल्याकडील मोठ्या शिक्षणसंलग्न रुग्णालयांचा कारभार, मग ते मुंबईचे के. ई. एम. असो, पुण्याचे ससून असो की नागपूरचे मेडिकल, ‘युनिट’ या घटकावर चालतो. एका प्राध्यापकाच्या हाताखाली काही अध्यापक आणि निवासी डॉक्टर असतात. त्यांचा बाह्यरुग्ण तपासण्याचा वार ठरलेला, तातडीचे रुग्ण दाखल करून घेण्याचा वार ठरलेला आणि शस्त्रक्रियेचे एक-दोन वारही ठरलेले. या व्यवस्थेचा गुण लहान नाही. ज्यांनी पोट तपासले तेच ते उघडतात आणि तेच पुढे टाके काढतात, त्यामुळे हजारोंच्या गर्दीतही रुग्णाला आपला म्हणावा असा एक डॉक्टर राहतो. दोष असा की, शस्त्रक्रियेचा वार हे पाहता पाहता वतन होऊन बसते. मंगळवारच्या युनिटचा रुग्ण मंगळवारी राहिला की तो पुढच्या वारावर जातो. बुधवारी त्याच मजल्यावरचे एखादे टेबल दुपारी एकपासून मोकळे असले, तरी ते दुसऱ्याच्या वतनातले असते, आणि अशा रीतीने एका तासाच्या चुकीचे रूपांतर आठवड्याच्या खोळंब्यात होते. हा आठवडाभर रुग्ण खाट अडवून राहतो, म्हणजे बाहेर ताटकळणाऱ्या दुसऱ्या कोणाची तरी खाट अडते; त्याचा रोजगार बुडतो, सोबतीला आलेल्या भावाचाही बुडतो; आणि त्याला गावी परत पाठवावे तर पुन्हा येताना रक्ताच्या तपासण्या जुन्या झालेल्या असतात, भूल देणाऱ्यांकडून ‘फिटनेस’ नव्याने घ्यावा लागतो. यातला एकही खर्च रुग्णालयाच्या कोणत्याही खतावणीत चढत नाही.

यादीचा दिवस कसा घसरत जातो हे पाहण्यासारखे असते. सुश्रुताने शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे तीन भाग सांगितले, आणि सूत्रस्थानातील अग्रोपहरणीय अध्यायात, शस्त्र हाती धरण्यापूर्वी वैद्याने काय काय जवळ जमवून ठेवावे याची लांबलचक यादी आरंभीच दिली. आजच्या शस्त्रक्रियागृहात प्रधानकर्माविषयी तक्रार क्वचितच असते. आमचे शल्यचिकित्सक हाताने कुशल आहेत आणि कष्टाळूही आहेत. घोटाळा असतो तो पूर्वकर्मात. पहिली केस साडेआठला टेबलावर घ्यावयाची असा शिरस्ता असतो. परंतु शल्यचिकित्सक म्हणतात की भूलतज्ज्ञांनी बोलावले म्हणजे आम्ही येऊ, भूलतज्ज्ञ म्हणतात की रुग्ण आला म्हणजे आम्ही भूल देऊ, वॉर्डातील सिस्टर म्हणतात की मामा ट्रॉली घेऊन आले म्हणजे आम्ही रुग्ण पाठवू, आणि मामा उद्वाहनाच्या दारात उभे असतात, कारण चालू असलेले एकुलते एक उद्वाहन जेवणाच्या गाड्या घेऊन वर गेलेले असते. या साखळीतील कोणीही आळशी नसतो, प्रत्येकाचा खुलासा खरा असतो, आणि तरीही पहिला छेद घेईपर्यंत दहा वाजलेले असतात. मग कोणाचे रक्त रक्तपेढीतून आलेले नसते, कोणाच्या जनआरोग्य योजनेच्या मंजुरीचा संदेश संगणकावर उतरलेला नसतो, कोणासाठी अतिदक्षता विभागात खाट उरलेली नसते, कपड्यांचा निर्जंतुक केलेला ड्रम वेळेवर पोहोचलेला नसतो. या कारणांची यादी लांबवण्यात अर्थ नाही. ज्याने इस्पितळात आठ दिवस काढले आहेत त्याला ती पाठ असते.

याहून सूक्ष्म, आणि म्हणूनच दुर्लक्षित, असे एक कारण अंदाजाच्या चुकीत आहे. हर्नियाची शस्त्रक्रिया किती वेळ चालेल असे विचारले असता अनुभवी शल्यचिकित्सक आपल्या हातची वेळ सांगतो; तीत भूल चढण्याचा वेळ नसतो, रुग्ण शुद्धीवर येण्याचा नसतो, जमीन पुसण्याचा आणि नवी हत्यारे मांडण्याचा नसतो, आणि शिक्षणाच्या रुग्णालयात ती शस्त्रक्रिया त्याच्या देखरेखीखाली एखादा विद्यार्थी करणार असतो, हेही नसते. शिवाय ही चूक दोन्ही बाजूंना सारखी झुकत नाही. एका तासाची म्हणून धरलेली शस्त्रक्रिया आतड्याची गुंतागुंत निघाल्यास तीन तास चालू शकते, परंतु कितीही सोपी निघाली तरी ती पाच मिनिटांत आटोपत नाही. दिवसभरात उशीर साठत जातो, वाचलेला वेळ मात्र क्वचितच साठतो. पाच केसेस काठावर बसवून लिहिलेली यादी म्हणूनच गणिताच्या दृष्टीने पहिल्यापासूनच खोटी असते, आणि पाचव्या क्रमांकाच्या माणसाखेरीज बाकी सर्वांना ते ठाऊक असते.

या पाचव्या माणसाचा उपवास हा स्वतंत्र विषय आहे. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी हलका आहार सहा तास आधी थांबवावा आणि स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, असे आजचे भूलशास्त्र सांगते. परंतु जेथे कोणाची पाळी केव्हा येईल हे कोणासच सांगता येत नाही, तेथे पहिल्यासाठी असलेला नियम सर्वांनाच लावून मोकळे होणे सोयीचे पडते, आणि मध्यरात्रीपासून निर्जळी राहिलेला माणूस दुपारी चारला ‘आज होणार नाही’ हे ऐकून उपवास सोडतो. सुश्रुताने मूढगर्भ, उदर, मूळव्याध, मुतखडा, भगंदर आणि मुखरोग एवढ्याच कर्मांसाठी रुग्ण उपाशी असावा असे सांगितले होते, इतरांना लघु भोजन देऊनच तो कर्मास प्रवृत्त होत असे. आजच्या भुलीतील धोके त्याच्यापुढे नव्हते हे खरे. पण कोणाला उपाशी ठेवावे आणि कोणाला ठेवू नये, याचा विचार त्याने रुग्णागणिक केला होता.

इतके सारे घडत असताना दारात रुग्णवाहिका येते. कोणाचे आतडे फुटलेले असते, कोणाच्या मांडीचे हाड कातडीबाहेर आलेले असते, एखाद्या प्रसूत होणाऱ्या स्त्रीच्या पोटातील बाळाचे ठोके मंदावलेले असतात. तिला प्रथम घेतलेच पाहिजे, याविषयी दुमत असू शकत नाही, आणि नियोजित यादीतील पुढचे नाव खाली सरकते. या घटनेचे वर्णन प्रत्येक वेळी ‘अचानक’ या शब्दाने केले जाते, आणि येथेच माझा आक्षेप आहे. आज कोण येईल हे कोणालाच माहीत नसते. परंतु किती येतील हे मात्र रुग्णालयाच्या स्वतःच्या नोंदवहीत गेली अनेक वर्षे लिहिलेले असते. एका व्यक्तीच्या दृष्टीने जो अपघात, तोच शहराच्या दृष्टीने नित्याचा व्यवहार असतो. बारा महिने ज्या दारातून रोज तातडीचे रुग्ण येतात, त्या रुग्णालयाने रोज सकाळी आज एकही येणार नाही असे गृहीत धरून यादी लिहावी आणि रोज दुपारी आश्चर्यचकित व्हावे, हा प्रकार मोठा चमत्कारिक आहे.

रांगेच्या या स्वभावाचे गणित मांडण्याचे श्रेय कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारुप एर्लांग या डॅनिश गणितज्ञाकडे जाते. फोन येण्याच्या वेळा अनियमित असताना यंत्रणा किती मोठी ठेवावी या प्रश्नावरील त्याचे पहिले लेखन १९०९ साली प्रसिद्ध झाले. त्या विचारसरणीतून निघणारा एक साधा हिशेब असा: काम देणारी खिडकी एकच आहे, माणसे वाटेल तेव्हा येतात आणि प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळही अनिश्चित आहे, असे धरले, तर खिडकी शेकडा ८० वेळ व्यस्त असताना सरासरी प्रतीक्षा एका कामाच्या वेळेच्या चौपट होते, ९० टक्के व्यस्त असताना नऊपट आणि ९५ टक्के व्यस्त असताना एकोणीसपट. म्हणजे शेवटचे १५ टक्के पिळून काढण्यासाठी प्रतीक्षा जवळजवळ पाचपट वाढते, आणि शंभराच्या काठाशी तिला अंतच राहत नाही. शस्त्रक्रियागृहातील सगळी कामे इतकी अनियमित नसतात, म्हणून हे आकडे तेथे जसेच्या तसे लागू होत नाहीत; पण वक्ररेषेचे वळण तेच राहते. पावसाळ्याच्या तोंडाशी धरण काठोकाठ भरून ठेवणाऱ्या अंमलदाराला आपण कार्यक्षम म्हणत नाही, कारण पुरासाठी मोकळी जागा राखणे हाच त्याच्या कामाचा भाग असतो. शस्त्रक्रियागृहाच्या बाबतीत मात्र टेबल क्षणभरही रिकामे दिसले की लेखापरीक्षकापासून मंत्र्यापर्यंत सर्वांच्या भुवया उंचावतात.

मोकळी जागा राखण्याचा प्रयोग अमेरिकेतील मिसूरी राज्यात स्प्रिंगफील्ड येथील सेंट जॉन्स रुग्णालयात झाला. तेथे ३२ शस्त्रक्रियागृहे होती आणि वर्षाला सुमारे ३०,००० शस्त्रक्रिया होत होत्या. २००२ साली ही सर्व गृहे पूर्णपणे आरक्षित झालेली असत. एकूण कामाचा सुमारे पाचवा हिस्सा तातडीच्या शस्त्रक्रियांचा होता आणि त्या आल्या की नियोजित यादी कोलमडे. डॉक्टर रात्री दोन वाजता शस्त्रक्रिया करीत, कर्मचाऱ्यांना जादा वेळ थांबावे लागे. बाहेरून आलेल्या एका सल्लागाराने सुचवले की एक शस्त्रक्रियागृह केवळ अनियोजित कामासाठी राखून ठेवा. जेथे आधीच जागा पुरत नाही तेथे असलेली जागा सोडून द्या, या सल्ल्याने तेथील शल्यचिकित्सक चकित झाले नसते तरच नवल. तरीही प्रयोग झाला, आणि महिन्याभरातच दिसून आले की एकंदर शस्त्रक्रिया सुमारे ५ टक्क्यांनी वाढल्या आहेत आणि दुपारी तीननंतर होणाऱ्या शस्त्रक्रिया ४५ टक्क्यांनी घटल्या आहेत. व्यवस्था कायम करण्यात आली आणि पुढील दोन वर्षांत कामाचे प्रमाण आणखी वाढत गेले. कारण शोधू गेल्यास साधे आहे: एक तातडीची केस एका नियोजित केसला ढकलते, ढकललेली केस दुसऱ्या दिवशीच्या केसला ढकलते, आणि या ढकलाढकलीत हत्यारांची मांडणी, भुलीची तयारी आणि माणसांची जुळवाजुळव पुनःपुन्हा वाया जाते. पहिला धक्का शोषून घेणारी जागा मिळाली की ही उधळपट्टी थांबते.

या कथेचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाहून अधिक उद्बोधक वाटतो. बारकाईने पाहिले तेव्हा असे आढळले की तातडीच्या रुग्णांची रोजची संख्या बरीचशी स्थिर होती. हेलकावे होते ते नियोजित शस्त्रक्रियांत. बॉस्टनमधील युजीन लिटवाक यांनी हाच सिद्धान्त अनेक वर्षे हिरीरीने मांडला आहे की, रुग्णालयातील गर्दीचे चढउतार निसर्गापेक्षा माणसाच्या वेळापत्रकाने अधिक निर्माण होतात. मिसूरीत शल्यचिकित्सकांना आठवड्याच्या आरंभी शस्त्रक्रिया करणे पसंत असे, कारण मग शनिवार-रविवारपूर्वी रुग्णांना पाहून घरी पाठवता येई. आपल्याकडे याला आणखी पदर आहेत. पेरणीच्या दिवसांत हर्नियाचा शेतकरी येत नाही, सुगी आटोपल्यावर येतो. मे महिन्याच्या सुटीत मुलांचे टॉन्सिल येतात. पितृपक्षात आणि अमावास्येला टेबले तुलनेने मोकळी मिळतात आणि नवरात्र बसताच गर्दी उसळते. प्रशस्त तिथी-नक्षत्रावर शस्त्रकर्म करावे असे सुश्रुतानेही म्हटले असल्यामुळे या बाबतीत रुग्णांना दोष देण्याचे धैर्य मला होत नाही. परंतु प्राध्यापकांच्या पसंतीचा वार, परिषदेसाठी अर्धे युनिट परगावी जाण्याचा आठवडा, एकाच दिवशी तीन मोठ्या युनिटांनी अतिदक्षता विभागातील त्याच चार खाटांवर सांगितलेला हक्क, हे चढउतार आपल्याच कलमाने लिहिलेले असतात आणि त्याच कलमाने पुसता येतात.

इंग्लंडात हा प्रश्न वेगळ्या दिशेने पुढे आला. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंची गोपनीय चौकशी करण्याची प्रथा तेथे १९८० नंतरच्या दशकात सुरू झाली, आणि कोण केव्हा शस्त्रक्रिया करतो याच प्रश्नावर त्या चौकशीने १९९७ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये अहवाल दिले. दिवसा टेबल न मिळाल्यामुळे तातडीच्या शस्त्रक्रिया रात्रीवर जाव्यात, आणि रात्री त्या थकलेल्या कनिष्ठांच्या हाती पडाव्यात, यातील धोका त्यांनी दाखवून दिला. तातडीच्या कामासाठी दिवसाढवळ्या चालणारे स्वतंत्र शस्त्रक्रियागृह ही तेथे रूढ गोष्ट झाली. त्या चौकशीच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘सीपॉड’ म्हणतात. त्या देशाची नियोजित शस्त्रक्रियांची प्रतीक्षायादी तेवढ्याने आटोक्यात आलेली नाही हे येथेच सांगितले पाहिजे. मोकळे टेबल दिवसाची घडी नीट बसवते, देशाला कमी पडणारे डॉक्टर आणि खाटा ते निर्माण करीत नाही. पण रात्री तीनला फुटलेले आतडे शिवण्याची पाळी दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरावर येणे, हा तुटवड्याचा नव्हे तर कारभाराचा प्रश्न आहे, एवढे त्या अहवालांनी सिद्ध केले.

आता आक्षेप. पहिला असा की, आमच्याकडे मिसूरीसारखी ३२ गृहे नाहीत. जेथे सहा टेबले आहेत तेथे एक राखणे म्हणजे शक्तीचा सहावा हिस्सा गमावणे होय. याला उत्तर रुग्णालयाच्या नोंदवहीतूनच द्यावे लागेल. तातडीच्या शस्त्रक्रिया आजही होतच असतात. त्या एका टेबलाएवढा वेळ खात असतील, तर ते टेबल आधीच गेलेले आहे, फक्त ते कोणते गेले हे आपण रोज नव्याने ठरवतो. कित्येक ठिकाणी तातडीचे म्हणून एक टेबल कागदोपत्री असतेही. पण रात्रीपुरते, किंवा सकाळी त्यावर कोणाची तरी राहिलेली नियोजित केस चढवली जाते. राखीव याचा अर्थ तेथे भूलतज्ज्ञ आणि परिचारिका यांची नेमणूक असलेले असाच घेतला पाहिजे; कुलूप लावलेल्या खोलीला मी राखीव म्हणत नाही. दुसरा आक्षेप ग्रामीण रुग्णालयांचा, आणि तो मला मान्य आहे. जेथे एकच टेबल आहे आणि भूल देणारा डॉक्टर शहरातून बोलावल्यावर येतो, तेथे हा सारा विचार निरुपयोगी आहे. तेथील प्रश्न भूलतज्ज्ञाचा आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल. तिसरा आक्षेप उघडपणे कोणी घेत नाही, म्हणून तोच सर्वांत बळकट आहे: वार सोडणे म्हणजे मान सोडणे. सोमवारचे टेबल ज्या युनिटकडे वीस वर्षे आहे, त्याने ते गुरुवारच्या बदल्यात द्यावे असे सुचवणाऱ्या अधिष्ठात्याला पुढील बैठकीत काय ऐकावे लागते, याची कल्पना ज्यांना शासकीय महाविद्यालयांचा परिचय आहे त्यांना सहज येईल.

म्हणून आरंभ वारांपासून करू नये, दप्तरापासून करावा. प्रत्येक तहकूब शस्त्रक्रियेसमोर कारण लिहिणे बंधनकारक करावे, आणि ‘वेळ अपुरा’ हे कारण स्वीकारू नये, कारण ते कारण नसून परिणाम आहे. पहिली केस टेबलावर केव्हा आली, एक रुग्ण बाहेर गेल्यापासून दुसरा आत येईपर्यंत किती वेळ गेला, तहकूब झालेल्या माणसाला ते किती वाजता सांगितले गेले आणि तो शेवटी कोणत्या तारखेस घेतला गेला, या चार रकान्यांचे सहा महिन्यांचे दप्तर जमले म्हणजे कोणत्या युनिटची यादी किती खोटी असते, हे कोणाचाही अवमान न करता दिसू लागेल. आणि मग एखादी केस किती वेळ घेते याचा अंदाज शल्यचिकित्सकाच्या आशावादावर न सोडता मागील नोंदींवरून मुक्रर करता येईल. हे दप्तर ठेवण्याचे काम निवासी डॉक्टराकडे देऊ नये, तो आधीच पुरेसा भरडला जात आहे. ते शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख सिस्टरांकडे द्यावे. कोणती केस किती वेळ खाईल आणि कोणते नाव आज उरणार, हे त्या सकाळी यादीवर नजर टाकताच सांगू शकतात. फक्त सहावे नाव लिहू नका असे प्राध्यापकांना बजावण्याचा अधिकार त्यांना नसतो. तो त्यांना लेखी हुकमाने मिळाला पाहिजे, आणि राखीव टेबलावर नियोजित केस चढवावयाचीच असेल, तर त्या नोंदीखाली परवानगी देणाऱ्या अधिष्ठात्याची पूर्ण सही, वेळ आणि कारण घेतल्याशिवाय टेबलाचा दिवा लावण्याची सक्ती त्यांच्यावर असू नये.